हमालाच्या भूमिकेतील नट
रिचर्ड अ‍ॅटनबरो यांच्या ‘गांधी’ (१९८२) या चित्रपटातील रोहिणी हट्टंगडी यांची कस्तुरबा मराठी प्रेक्षकांना आठवते. त्यातच हमालाच्या किरकोळ भूमिकेत दिसणारे विन्स्टन एन्त्शोना (१९४१–२०१८) हे मात्र आफ्रिकी रंगभूमीवरील अव्वल दर्जाचे नट होते. दक्षिण आफ्रिकेतील पोर्ट एलिझाबेथ येथे जन्मलेल्या एन्त्शोना यांनी सहकारी नट जॉन कानी आणि गोरे नाटककार अ‍ॅथॉल फ्यूगार्ड यांच्यासह ‘सिझ्वे बान्झी इज डेड’ (१९७२) हे नाटक रचले. वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीयाने कोठे राहावे, कोठे राबावे हे ठरवणारे ‘पासबुक’, म्हणजे सक्तीचे ओळखपुस्तक, हा त्याचा विषय असून, मेलेल्या माणसाचे पासबुक घेऊन जगू पाहणारा कामगार एन्त्शोना रंगवीत. कृष्णवर्णीयांच्या बाबतीत ‘नट’ हा व्यवसायच सरकारदप्तरी मान्य नसल्याने कानी आणि एन्त्शोना यांची नोंद फ्यूगार्ड यांचे घरगडी अशी करावी लागली होती, आणि याच ‘घरगड्यांना’ १९७५ साली अमेरिकी रंगभूमीवरील मानाचा टोनी पुरस्कार विभागून मिळाला. पुढच्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतील ट्रान्सकाई या भागात या नाटकाच्या प्रयोगानंतर त्यांना अटक झाली.