खराटा कोणाच्या हाती?

मायबापहो, साधुपुरुष देहाने गेला म्हणजे संपला, असे आपला कष्टकरी समाज कधीच मानीत नाही. गाडगेबाबा २० डिसेंबर १९५६ रोजी गेले, तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ रोजी गेले. तरी चंद्रपूर-गडचिरोलीच्या कित्येक गावांत आजही तिन्हीसांजेला सतरंजी पसरते, खंजिरी वाजते आणि सामुदायिक प्रार्थना होते. तिला दक्षिणा लागत नाही, मुहूर्त लागत नाही, सोवळे लागत नाही. शेजारी बसलेल्याची जात कोणी विचारीत नाही. देव आणि माणूस ह्यांच्यामध्ये बसलेला दलाल ह्या दोघांनी उठविला, ही त्यांची केवढी कमाई!

पण दलाल मोठा चिवट. पुढच्या दाराने घालविला तर मागच्या दाराने येतो. आता तो पुतळ्याची वर्गणी घेऊन येतो, मिरवणुकीचा मांडव घेऊन येतो. जे गाडगेबाबा कोणाला पाया पडू देत नसत, त्यांच्याच तसबिरीपुढे आपण नारळ फोडतो. ज्या महाराजांनी गाव कसे चालवावे हे सांगावयास ग्रामगीता लिहिली, ती फडक्यात बांधून देव्हाऱ्यात ठेवितो आणि तिला हळदकुंकू वाहतो. पोथी पुजली की वाचावी लागत नाही, आणि वाचली नाही की वागावे लागत नाही! किती सोयीचा हा धर्म!

खराट्याचेच पाहा. गाडगेबाबा जातीचे परीट. गावात शिरले की दिवसा गाव झाडीत आणि रात्री कीर्तनात लोकांची मने झाडीत. झाडणे हे कोणा एका जातीचे काम नव्हे, हे त्यांनी स्वतःच्या हाताने दाखविले. आज २३ फेब्रुवारीला, त्यांच्या जयंतीस, पुढारी मंडळी खराटा धरतात, फोटो निघतो आणि खराटा कोपऱ्यात जातो. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा घरच्या बाईच्या, नाहीतर ठराविक वस्तीतल्या माणसाच्या हाती! मग बाबा त्या गावात राहिले कोठे?

२००५ साली नागपूरच्या विद्यापीठास तुकडोजी महाराजांचे व अमरावतीच्या विद्यापीठास गाडगेबाबांचे नाव मिळाले. आनंदाची गोष्ट आहे. जेवावयाचे ताट गेले तरी चालेल पण मूल शाळेत घाला, असे बाबा सांगत. आणि आमच्या आलापल्लीच्या रानात काय दिसते? मोहाचा हंगाम आला की वर्गातले बाक रिकामे. मोह वेचल्यावाचून घर चालत नाही, हे मास्तरालाही कळते. पण मोह वेचावयास पोर आणि मोहाची ढोसावयास बाप, हा कोठला न्याय? गडचिरोली जिल्ह्यात १९९३ सालापासून दारूबंदी आहे. सरकारी बंदी कागदावर राहील, पण दोन्ही महाराजांनी जन्मभर घातलेली बंदी आपल्या घरात तरी चालू द्याल की नाही?

दर आश्विन वद्य पंचमीस, दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी, हजारो माणसे तुकडोजी महाराजांसाठी मौन उभी राहतात. त्या घटकेला डोळ्यांत पाणी येते, आणि ते खरे असते. पण परीक्षा त्या मौनाची नाही. पाच वाजता आपण काय करतो त्याची आहे.

म्हणून एवढेच सुचवितो. रोज प्रार्थना झाल्यावर सतरंजी गुंडाळण्यापूर्वी दोन प्रश्न मोठ्याने विचारावेत. आज गावातले कोणते मूल शाळेत गेले नाही, आणि का? उद्या सकाळी खराटा कोणत्या पुरुषाच्या हाती? ह्याला पैसा लागत नाही, वर्गणी लागत नाही, पुढारीही लागत नाही. मुलाच्या घरी हंगामात दाणा नसेल तर तो चार घरांनी मिळून पुरवावा. ज्या गावात ह्या प्रश्नांची उत्तरे मिळतील, त्या गावात महाराज नांदत आहेत असे खुशाल समजावे. मग तेथे पुतळा असो वा नसो.

— आलापल्लीचा एक शाळामास्तर