सहा जणी, एक नौका

वाचकहो, आपल्या घरात चूल एकीची आणि आराम बाकीच्यांचा, असे का? आम्हाला 'तारिणी' आठवते.

१० सप्टेंबर २०१७ रोजी नौदलाच्या सहा महिला अधिकारी या शिडाच्या नौकेतून गोव्याहून जगप्रदक्षिणेला निघाल्या. वर्तिका जोशी कप्तान होत्या. नौका गोव्यातच बांधलेली, अवघी ५६ फूट लांब. महासागरात आठवडेच्या आठवडे जमीन दिसत नाही आणि नौका रात्रीही थांबत नाही. म्हणून गिरणीसारख्या पाळ्या. एक जागी, तर दुसरी झोपलेली. सुकाणू, शिडे, दुरुस्ती आणि स्वयंपाकही पाळीनेच. डुलत्या नौकेत भात शिजवणे हीसुद्धा कसरतच!

खारे पाणी गोडे करणारे यंत्र बिघडले, तेव्हा त्यांनी पावसाचे पाणी धरले. नळाच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या आमच्या भगिनींना त्या थेंबांचे मोल सांगायला नको. प्रशांत महासागरात वादळाने गाठले. परतताना सुकाणू बिघडल्याने मॉरिशसला थांबावे लागले. २५४ दिवसांनी, २१ मे २०१८ रोजी सहाही जणी सुखरूप गोव्यात आल्या.

तिथे कोणतेच काम हलके नव्हते. आज रात्री आपल्या घरी भांडी कोणाच्या पाळीला आहेत, एवढे ठरवा.