सूर्य सर्वांचा, अनुदान कोणाचे?

द्रोणागिरीच्या परिसरात, बोकडवीरा येथे, राज्याच्या मालकीचे वायू-विद्युत केंद्र गेली चार दशके उभे आहे. उरण तालुक्याने महाराष्ट्राला वीज दिली. परंतु याच तालुक्यातील घारापुरी बेटावरच्या तीन गावांना समुद्राखालील केबलमधून वीज मिळण्यासाठी फेब्रुवारी २०१८ उजाडावे लागले. तोवर डिझेलच्या जनित्रावर रात्रीचे काही तास काय तो उजेड. वीज कोठे निर्माण होते आणि कोणाच्या घरी पोहोचते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, ही गोष्ट सौर अनुदानाचा विचार करतानाही विसरून चालणार नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने ७५,०२१ कोटी रुपयांची ‘पीएम सूर्यघर’ योजना मंजूर केली. एक कोटी घरांच्या छपरांवर सौरसंच बसविणे हे तिचे उद्दिष्ट. दोन किलोवॅटपर्यंत प्रत्येक किलोवॅटला ३०,००० रुपये, तिसऱ्यास १८,००० आणि एकूण मर्यादा ७८,००० रुपये, असे अनुदान ठरले. त्यासाठी पात्र कोण? ज्याच्या मालकीचे घर आहे, त्या घराला संच बसविण्याजोगे छप्पर आहे आणि ज्याच्याकडे वीजजोडणी आहे तो. शिवाय अनुदान हाती पडते ते संच बसून, तपासणी होऊन, मीटर लागल्यानंतर; तोपर्यंत पैसा स्वतः उभा करावयाचा किंवा कर्ज काढावयाचे.

या अटी वरकरणी निरुपद्रवी वाटतात. द्रोणागिरीत त्या लावून पाहिल्या म्हणजे त्यांचा वर्गीय आशय उघड होतो. नोडमधील इमारतींत भाड्याने राहणारा गोदी-कामगार वीजबिल भरतो, पण छप्पर त्याचे नाही. सदनिकाधारकाला छतात सामायिक वाटा आहे, स्वतंत्र हक्क नाही. सोसायटीला सामायिक दिवे, पंप व लिफ्ट यांसाठी किलोवॅटला १८,००० रुपये मिळू शकतात. सदनिकेच्या आतले बिल मात्र त्याने उतरत नाही. आणि मूळ भूमिपुत्राचे काय? नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील लढ्यात पाच शेतकऱ्यांनी रक्त सांडले, तेव्हा कोठे साडेबारा टक्के विकसित भूखंडांचे तत्त्व पुढे आले. वाढत्या कुटुंबाने गावठाणाबाहेर गरजेपोटी बांधलेली घरे नियमित करण्याच्या घोषणा एकाहून अधिक वेळा झाल्या. ज्याच्या घराखालची जमीनच कागदावर दुसऱ्याची आहे, त्याच्याकडे मालकीचा पुरावा मागणे म्हणजे जुन्या अन्यायावर नवी मोहोर उमटविणे होय.

ग्रिडबाहेरील संचांची स्थिती अधिक विचार करावयास लावणारी आहे. सूर्यघर योजनेचे अनुदान ग्रिडला जोडलेल्या संचालाच आहे. यामागे तर्क आहे, हे मान्य केले पाहिजे. शिल्लक वीज ग्रिडमध्ये जाऊन इतरांच्या उपयोगी पडते. बॅटरी महाग असते आणि काही वर्षांनी बदलावी लागते. परंतु जेथे तारच पोहोचलेली नाही, तेथे हा तर्क म्हणजे शुद्ध नकार ठरतो. जेथे ती पोहोचली आहे तेथेही, वादळात पुरवठा बंद पडला की बॅटरीविना संच सुरक्षिततेसाठी आपोआप थांबतो; छपरावर ऊन आणि घरात अंधार!

जानेवारी २०२४ मध्ये, अतिअसुरक्षित आदिम जमातींच्या वीज नसलेल्या एक लाख घरांसाठी ग्रिडबाहेरील सौरसंचांची योजना मंजूर झाली आणि घरामागे ५०,००० रुपयांपर्यंत तरतूद झाली, हे पाऊल स्वागतार्ह आहे. रायगडचा कातकरी या जमातींत मोडतो. पण वर्षातील कित्येक महिने तो वीटभट्टीवर असतो. वाडीतल्या बंद घरावरचा संच भट्टीवरच्या झोपडीत उजेड पाडीत नाही. पात्रता माणसाला न देता भिंतींना दिली की असे होते.

राज्य सरकारने २०२५ मध्ये महिना १०० युनिटांहून कमी वापर असणाऱ्यांसाठी एक किलोवॅटच्या संचावर जादा अनुदान जाहीर केले. दारिद्र्यरेषेखालील ग्राहकाचा वाटा त्यामुळे अवघा २,५०० रुपयांवर येतो. गरिबाला प्राधान्य देता येते, हे यातून सिद्ध झाले. मात्र छपराची अट येथेही सुटलेली नाही.

सार्वजनिक पैसा मालमत्तेच्या प्रमाणात वाटला जाऊ नये, हा समाजवादी विचाराचा साधा आग्रह आहे. एका ठिकाणच्या सामायिक सौरसंचाची वीज अनेक घरांच्या बिलांत वळती करण्याची पद्धत केंद्राच्या नियमावलीला मान्य आहे. सिडकोच्या इमारतींवर व मोकळ्या जागांवर असे संच उभारून भाडेकरू, सदनिकाधारक व प्रकल्पग्रस्त यांना त्यांत वाटा द्यावा. प्रत्यक्ष ताबा आणि वीजबिल हाच राहत्या घराचा पुरावा मानावा. अनुदान गरिबाच्या वतीने आगाऊ भरावे. आणि स्थलांतर करणाऱ्या कुटुंबाला सोबत नेता येईल असा बॅटरीसह छोटा संच द्यावा. कार्यकर्त्यांनी गावठाणांत, चाळींत, वाड्यांत आणि भट्ट्यांवर जाऊन, कोण कोणत्या अटीमुळे वगळला गेला याच्या याद्या कराव्यात व त्या घेऊन महावितरण आणि सिडकोच्या दारात जावे. साडेबारा टक्के कोणी आपण होऊन दिले नव्हते. उजेडातला वाटाही मागितल्यावाचून मिळणार नाही.