फॉरमॅट मारण्यापूर्वी

सोलापूर आणि बार्शी यांच्या दरम्यान, शाळू ज्वारीच्या काळ्या रानांमध्ये वसलेले वैराग हे तालुक्याचे ठिकाण नाही. तरीही मालवंडी, सासुरे, रातंजन अशा भोवतालच्या गावांतील शेतकऱ्याला सातबाराचा उतारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विम्याचा अर्ज किंवा शेतकरी ओळख क्रमांकाची नोंदणी यांसाठी बार्शीच्या कचेरीची वाट धरण्यापूर्वी जेथे आपले काम उरकता येते, अशी बाजारपेठ हीच आहे. एके काळी गावचे दफ्तर रुमालात बांधून ठेवलेले असे आणि तो रुमाल सोडणारा कारकून जागेवर असला म्हणजे काम होई; आता ते दफ्तर दूरच्या सर्व्हरवर गेले असून त्याच्यापर्यंत पोहोचण्याचे साधन म्हणजे सेवा केंद्रातील टेबलावरचा एक संगणक होय. तो संगणक मंदावला, की रांगेतल्या माणसाची रोजंदारी बुडते, मुदतीच्या शेवटच्या दिवशी अर्ज राहून जातो, आणि ज्याने त्या यंत्राला कधी हातही लावलेला नाही असा मनुष्य त्याच्या विलंबाचा दंड भरतो. संगणकाच्या मंदपणाचा प्रश्न मला सार्वजनिक हिताचा वाटतो तो यामुळेच, आणि त्याची चर्चा दुरुस्तीच्या दुकानापुरती राहू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

हा प्रश्न अलीकडे अधिक तीव्र होण्यास एक निश्चित तारीख कारणीभूत आहे. २९ जुलै २०१५ रोजी प्रसिद्ध झालेल्या विंडोज १० या प्रणालीची नियमित देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, आणि ऑक्टोबर २०२१ पासून उपलब्ध असलेल्या विंडोज ११ कडे वळावे, नाहीतर सुरक्षेच्या दुरुस्त्यांवाचून राहावे, असा पेच सामान्य वापरकर्त्यापुढे उभा राहिला. घरगुती यंत्रांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आणि संस्थांच्या यंत्रांसाठी पैसे भरून ऑक्टोबर २०२८ पर्यंत वाढीव मुदतीची तजवीज आहे खरी, परंतु तिची वार्ता खेड्यापर्यंत फारशी पोहोचली नाही. पोहोचली ती पडद्यावर वारंवार उमटणारी नवी प्रणाली घेण्याची सूचना. नव्या प्रणालीच्या अटी अशा, की किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, टीपीएम २.० ही सुरक्षेची योजना आणि साधारणतः २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर असावा. यांतील ४ जीबीची अट पुरी करणारे यंत्र नवी प्रणाली स्वीकारते, सुरू होते आणि मग प्रत्येक खिडकी उघडताना धापा टाकू लागते, हा अनुभव आता सार्वत्रिक झाला आहे. अटी पुऱ्या होणे आणि काम सुखाने होणे यांत मोठे अंतर आहे, हे खरेदी करणाऱ्याला कोणी सांगितलेले नसते.

‘नवीन विंडोज टाकल्यापासून हँग होतोय’ ही तक्रार घेऊन संगणक दुकानात गेला, की त्याच्या नशिबी बहुधा दोहोंपैकी एक निकाल असतो: ‘फॉरमॅट मारून देतो’ किंवा ‘आता नवाच घ्या’. दोन्ही निकाल यंत्राची कैफियत न ऐकताच दिलेले असतात, आणि माझा आक्षेप नेमका याच गोष्टीवर आहे. दुकानदाराला दोष देण्याचा माझा हेतू नाही. दहा यंत्रे रांगेत असताना प्रत्येकाची चौकशी करण्यास त्याला फुरसत नसते, आणि चौकशीचे पैसे द्यायला गिऱ्हाईक तयार नसते. परंतु फॉरमॅट मारला म्हणजे काय काय जाते, याचा हिशेब मांडून पाहावा. अंगठ्याचा ठसा घेणाऱ्या उपकरणाचा ड्रायव्हर जातो, डिजिटल स्वाक्षरीची जोडणी नव्याने करावी लागते, प्रिंटर पुन्हा ओळखीचा करून घ्यावा लागतो, आणि डेस्कटॉपवर वर्षानुवर्षे साठलेली लोकांची कागदपत्रे, राखून न ठेवल्यास, कायमची नष्ट होतात. इतके करून मूळ कारण हार्ड डिस्कच्या वार्धक्याचे असेल तर महिन्याभरात तक्रार जशीच्या तशी परत येते.

आपला वेळ कोठे खर्च होतो हे संगणक स्वतःच सांगण्यास तयार असतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात सीपीयू, मेमरी, डिस्क आणि नेटवर्क असे चार रकाने शेजारी शेजारी असून प्रत्येकाच्या डोक्यावर टक्क्यांचा आकडा हलत असतो. वैरागसारख्या ठिकाणच्या जुन्या यंत्रावर हे पान उघडून पाच मिनिटे शांतपणे पाहत बसावे. सीपीयूचा आकडा दहा-पंधराच्या आसपास रेंगाळत आहे आणि डिस्कचा रकाना मात्र १०० टक्क्यांवर गडद होऊन खिळला आहे, असे चित्र पुष्कळदा दिसते. आणि ते दिसले, की प्रोसेसर जुना झाला म्हणून नवे यंत्र घेण्याचा सल्ला किती अस्थानी आहे हे आपोआप कळते, कारण बिचारा प्रोसेसर रिकामाच बसलेला असतो.

डिस्क अशी का खिळते, हे थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे. जुन्या हार्ड डिस्कमध्ये मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेणारी तबकडी असते आणि तिच्यावरून सरकणारे एक शीर्ष असते. ७,२०० फेऱ्यांच्या तबकडीची एक फेरी ८ मिलिसेकंदांहून किंचित अधिक वेळ घेते, त्यात शीर्ष योग्य जागी सरकण्याचा काळ मिळवला, की विखुरलेल्या जागांवरची माहिती सेकंदाला शंभराच्या आसपासच वेळा वाचता येते. फिरता भाग नसलेली एसएसडी हेच काम सेकंदाला हजारोंनी करते. नव्या प्रणाली पार्श्वभूमीला अनेक कामे एकाच वेळी चालवतात आणि ती सर्व कामे डिस्ककडे लहान लहान, विखुरलेल्या मागण्या करतात; एसएसडीवर त्यांचा पत्ताही लागत नाही, तबकडीवर त्यांची रांग लागते. त्यातून रॅम अपुरी असेल, तर ज्याचे टेबल लहान आहे अशा कारकुनाला प्रत्येक नवा कागद घेण्यासाठी जुना कागद उचलून दफ्तरखान्यात ठेवून यावा लागावा, तशी यंत्राची गत होते, कारण रॅममध्ये न मावलेला मजकूर प्रणाली त्याच मंद डिस्कवर नेऊन ठेवते आणि क्षणार्धाने परत मागते. सबब एसएसडी टाकणे आणि रॅम ८ जीबी करणे, हे नव्या संगणकाच्या किमतीच्या अल्पांशात होणारे काम, अशा यंत्रांच्या बाबतीत सर्वांत फलदायी ठरते. मूळ डिस्क जशीच्या तशी एसएसडीवर उतरवून घेता येते. फॉरमॅटची गरजही पडत नाही.

परंतु याही आधी एक गोष्ट पाहावी लागते, आणि ती म्हणजे प्रणाली बदलून किती काळ लोटला आहे. नवी प्रणाली आल्यानंतर पहिले काही तास, जुन्या डिस्कवर पहिले दोन-तीन दिवससुद्धा, सर्व फायलींची सूची नव्याने तयार करणे, सुरक्षेची तपासणी करणे आणि राहिलेली अद्यतने उतरवणे ही कामे आपोआप चालू असतात. त्या काळातल्या मंदपणावरून कोणताही निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. यंत्र रात्रभर चालू ठेवून ही कामे उरकू द्यावीत. जुनी प्रणाली विंडोज-डॉट-ओल्ड या नावाच्या फोल्डरात साधारण दहा दिवस राखून ठेवलेली असते, ती पुष्कळ जागा अडवते. मात्र मागे फिरण्याची वाट तीच असल्यामुळे समाधान होईपर्यंत ती पुसू नये. आणखी एक गैरसमज येथे दूर केला पाहिजे. दररोज संध्याकाळी ‘शट डाऊन’ केले म्हणजे यंत्र सकाळी नव्याने सुरू होते, अशी सर्वांची समजूत असते, परंतु विंडोज ८ पासून आलेल्या जलद-आरंभाच्या सोयीमुळे प्रणालीचा गाभा झोपवून ठेवला जातो आणि तोच पुन्हा जागा होतो. खरा नवा आरंभ हवा असेल तर ‘रीस्टार्ट’ करावे लागते. चालू होतानाच हजर होणारे अनावश्यक प्रोग्रॅम टास्क मॅनेजरच्याच स्टार्टअप या पानावरून बंद करता येतात, आणि दोन-दोन अँटीव्हायरस एकाच यंत्रावर नांदत असतील तर त्यांपैकी एक काढलाच पाहिजे.

आपल्या भागाचे हवामानही या प्रकरणात साक्षीदार म्हणून उभे केले पाहिजे. सोलापूर जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर असतो आणि वाऱ्याबरोबर धूळ दुकानात येते. ती पंख्याच्या पात्यांवर बसली, की प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आपणच कमी करतो. बाजूचे झाकण काढून हवेच्या झोताने धूळ उडवणे आणि प्रोसेसरवरचा वाळलेला उष्णतावाहक लेप बदलणे, एवढ्याने काही यंत्रे पूर्ववत होतात. अशा यंत्राचा मंदपणा आणि नवी प्रणाली ही दोन्ही एकाच महिन्यात आली, म्हणून पहिल्याचे खापर दुसरीवर फुटते.

आणि पुष्कळदा संगणक निर्दोषच असतो. मुदतीच्या अखेरच्या दिवसांत सरकारी संकेतस्थळावर साऱ्या राज्याची गर्दी लोटली, की केंद्रचालक ‘सर्व्हर डाऊन आहे’ असे सांगतो, आणि तो खरेच सांगत असतो. चारही रकाने शांत असून पान तेवढे उघडत नसेल, तर त्याचा जाब यंत्राला विचारण्यात अर्थ नाही. तो मुंबईला विचारला पाहिजे, आणि सर्व्हर बंद राहिला तितकी मुदत अर्जदाराला आपोआप वाढवून मिळाली पाहिजे, अशी मागणी लोकप्रतिनिधींनी लावून धरली पाहिजे.

एका बाबतीत मात्र मला कठोर व्हावेसे वाटते. परवान्याचे पैसे वाचवण्यासाठी कुलूप तोडलेली विंडोज टाकून देण्याची प्रथा लहान गावांत बिनदिक्कत चालते. असे कुलूप तोडणाऱ्या प्रोग्रॅममधून आलेला घातक भाग यंत्राचा प्रोसेसर गुपचूप दुसऱ्याच्या कामाला जुंपू शकतो, आणि ज्या यंत्रावर शेतकऱ्याचा आधार क्रमांक, बँक खाते आणि अंगठा घेतला जातो तेथे हा धोका निव्वळ मंदपणापुरता राहत नाही. अशा यंत्रावर फॉरमॅट हा योग्यच उपाय होय, तोही परवान्याच्या प्रतीने.

झ्यूरिक येथील प्राध्यापक आणि पास्कल या संगणकभाषेचे जनक निकलाऊस वर्थ यांनी १९९५ मध्येच अशी तक्रार मांडली होती, की यंत्रे जितक्या वेगाने गतिमान होतात त्याहून अधिक वेगाने सॉफ्टवेअर जड होत जाते, आणि कसोशीने लिहिलेले हलके सॉफ्टवेअर शक्य असूनही ते लिहिण्याचे कष्ट कोणी घेत नाही. तीस वर्षांनंतर त्या तक्रारीची किंमत कोणाला मोजावी लागते, हे पाहायचे तर वैरागच्या सेवा केंद्रासमोरची रांग पाहावी. प्रणाली बनवणाऱ्यांवर आपला अंमल चालत नाही. परंतु आपल्या शाळा, सोसायट्या आणि नगरपंचायत यांच्या खर्चावर तो चालतो. तेथे यंत्र मंदावले, की ते निर्लेखित करून नव्या खरेदीचा प्रस्ताव करणे सोपे जाते, कारण खरेदीला लेखाशीर्ष असते आणि दुरुस्तीला बहुधा नसते. चांगली चालू शकणारी यंत्रे अशा रीतीने भंगारात जातात. २०२२ च्या ई-कचरा नियमांनी उत्पादकांवर पुनर्चक्रणाची जबाबदारी टाकली असली, तरी उपयुक्त यंत्र कचऱ्यात जाऊच न देणे हे काम आपलेच राहते.

प्रोसेसरच्या अटीत न बसणाऱ्या यंत्रांवर आडमार्गाने विंडोज ११ लादण्यापेक्षा शाळांनी लिनक्सचा विचार करावा. केरळच्या सरकारी शाळांनी ते दीर्घकाळ करून दाखवले आहे, आणि आपल्याकडे सी-डॅकने २००७ पासून बॉस लिनक्स ही प्रणाली भारतीय भाषांच्या सोयीसह उपलब्ध करून दिली आहे. सेवा केंद्रांना हा मार्ग तितका मोकळा नाही, कारण त्यांची ठसे घेणारी उपकरणे आणि स्वाक्षरीची सॉफ्टवेअरे बहुधा विंडोजच गृहीत धरतात. त्यांच्यासाठी एसएसडी, रॅम आणि धूळझाड हाच व्यवहार्य बंदोबस्त. तो खरिपाच्या अर्जांची गर्दी आणि मे महिन्याचा उन्हाळा येण्यापूर्वी उरकला पाहिजे, आणि त्याआधी प्रत्येक केंद्रातील लोकांच्या कागदपत्रांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर उतरवून ठेवली पाहिजे, कारण सतत १०० टक्क्यांवर राहणारी जुनी तबकडी पुष्कळदा मरणपंथाला लागलेली असते. नगरपंचायतीने आपल्या हद्दीतील शाळा आणि केंद्रे यांत अजून फिरत्या तबकडीवर चाललेल्या यंत्रांची यादी करायला घेतली, तर ते काम एका आठवड्यात सहज होण्यासारखे आहे.