धुऱ्याची काडी अन् ताणावरचा बगीचा



एप्रिल-मे मध्ये आपल्या नरखेड तालुक्यात दोन कामं सोबतच चालतात. मृग बहार घेणारा बगीचा ताणावर सोडतो, अन् त्याच्या शेजारचा पेरणीआधीची सफाई म्हणून धुरा पेटवतो. माझं मत सरळ आहे. ही दोन कामं एका शिवारात जमत नाहीत. धुरा पेटवणं बंद झालं पाहिजे.

ताणावरच्या झाडाचं पाणी तोडलेलं असते, पानं गळून खाली पडलेली असतात, आळ्यात वाळलं गवत असते. दुपारच्या वाऱ्यात एक ठिणगी पुरे. आग शेंड्यापर्यंत गेली नाही तरी खोडाची साल भाजते. साल चौफेर भाजली की झाड हळूहळू वाळते. खाणाऱ्या मुळ्या वरच्या फूट-दीड फूट मातीत असतात, त्याही होरपळतात. ठिबकच्या नळ्या तर मेणासारख्या वितळतात. कपाशी गेली तर पुढच्या वर्षी पुन्हा लावता येते. संत्रा फळावर यायला पाच-सहा वर्षं लागतात.

अन् विम्याच्या भरवशावर राहू नका. हवामान आधारित फळपीक विमा पाऊस, तापमान, वारा, गारपीट पाहतो. शेजारच्या धुऱ्यावरून आलेली आग त्यात बसत नाही.

दुसरी गोष्ट जंगलाची. तालुक्याच्या उत्तरेला सातपुड्याचे पायथे अन् मध्यप्रदेशची हद्द. आपलं जंगल पानगळीचं, साग, तेंदू, मोह, धावडा. मार्चपर्यंत खाली पाल्याचा थर साचतो. मोहफूल वेचायला झाडाखालचा पाला जाळतात, तेंदूला नवी पालवी यावी म्हणून झुडपं जाळतात, अन् काठावरच्या वावरातला विस्तवही आत शिरतो. म्हणून 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वनखात्याचा आगीचा हंगाम. 1927 च्या भारतीय वन कायद्यात राखीव जंगलाला आग लावणं गुन्हा आहे. पण दोष फक्त मोहवाल्यावर टाकून आपण सुटत नाही. त्याला झाडाखाली जुनी साडी किंवा जाळी अंथरता येते. आपल्यालाही काडीशिवाय धुरा साफ करता येते.

दुष्काळात हे सारं दुप्पट महाग पडते. 2018 मध्ये राज्य सरकारनं 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात नरखेड होता. 2019 च्या उन्हाळ्यात विहिरी-बोअर आटले, बगीचे उभे वाळले. झाडाला द्यायला पाणी नाही, तर आग विझवायला कुठून आणणार?

बाहेरचंही पाहा. नोव्हेंबर 2018 मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातलं पॅराडाईज नावाचं डोंगरातलं गाव एका दिवसात जळालं. त्या आगीत 85 माणसं मेली. ठिणगी विजेच्या तारेची होती, पण गाव खाल्लं ते पाऊस लांबल्यानं सुकलेल्या गवत-झाडोऱ्यानं अन् वाऱ्यानं. आपल्याकडे आग जमिनीवरून सरपटते, तितकी उंच जात नाही. पण गोठा, कुटाराचा ढीग अन् बांधलेलं जनावर तिच्या वाटेतच असते.

आता लोक म्हणतात, "मजुरी परवडत नाही भाऊ, काडी फुकटची आहे." मजुरीचं खरं आहे. पण काडी फुकट नाही. धुऱ्यावरचं गवत माती धरून ठेवते. ते जाळलं की पहिल्याच पावसात माती नाल्यात जाते. बाभूळ, कडुनिंबाची रोपंही जातात.

करायचं काय?

– गवत कटरनं कापा, बगीच्यात आच्छादन करा. पण काठाच्या दोन ओळीत सुका पाला नको, तिथं माती उघडी ठेवा.
– बगीच्याभोवती दहा फुटांचा पट्टा फेब्रुवारीतच वखरून घ्या.
– पऱ्हाटी-तुराटी जाळू नका, श्रेडरनं बारीक करून मातीत जाऊ द्या.
– कुटार, कडबा गोठ्यापासून दूर रचा.
– फवारणीचा पंप भरून ठेवा, हिरव्या फांद्या हाताशी असू द्या.
– जंगलात धूर दिसला की 1926 वर वनखात्याला कळवा.

अन् सगळ्यात मोठं काम ग्रामसभेचं. 15 फेब्रुवारीच्या आत ठराव घ्या की पाऊस पडेपर्यंत शिवारात कोणी काडी लावणार नाही, अन् लावली तर नुकसान त्यानं भरून द्यायचं. एकट्यानं धुरा न जाळून भागत नाही, कारण वारा सातबारा पाहून वाहत नाही.

पटलं तर आपल्या गावच्या ग्रुपवर टाका, अन् यंदाच्या ग्रामसभेत विषय काढा.