गुंठ्याचा भाव म्हणजे जमिनीची किंमत नव्हे

मुरबाड-शहापूरकडची शेतजमीन घोडबंदरच्या फ्लॅटपेक्षा स्वस्त, असे गणित एका पत्रलेखकाने मांडले आहे, पण ते अर्धेच आहे. 1948 च्या कुळकायद्याच्या कलम 63 नुसार बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीविना शेतजमीन घेता येत नाही, हा पहिलाच अडसर त्यांनी गाळला. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च सगळे धरतात. मोजणी, हद्दीचे दगड, कुंपण, बोअर, विजेचे खांब यांचा हिशेब मात्र खरेदीखतानंतर सुरू होतो. सर्वांत महाग पडते ती सातबाऱ्याच्या ‘इतर अधिकार’ रकान्यातली न वाचलेली ओळ: एखादे कूळ, बहिणींचा हक्क, सोसायटीचा बोजा किंवा वनखात्याचा शेरा. आपल्या ठाणे जिल्ह्यात आदिवासी खातेदारांच्या जमिनी पुष्कळ आहेत, आणि त्या शासनाच्या मंजुरीशिवाय बिगरआदिवासीला घेता येत नाहीत. हे संरक्षण योग्यच आहे.

‘वकील बघून घेईल’ असे कुणी म्हणेल. वकील कागद तपासतो, पण बांधावरची वहिवाटीची वाट शेजाऱ्याने काटे टाकून अडवली, तर तहसीलदारांपुढे दावा खरेदीदारालाच लावावा लागतो आणि तारखांना सुट्ट्या टाकून जावे लागते. विसार देण्याआधी निदान 30 वर्षांचे फेरफार आणि मोजणीचा नकाशा मागून घ्यावा, आणि पावसाळ्यात एकदा त्या वाटेने चालत जाऊन यावे.

– एक वाचक, कोलशेत, ठाणे