क्ष-किरणांची दुर्बीण आणि आपला वनप्रांत

ता. २ एप्रिल २०२२ रोजीं रात्रीं चंद्रपूर जिल्ह्यांतील लाडबोरी या गांवीं आकाशांतून धातूचें एक मोठें कडें पडलें. तें अग्निबाणाचा अवशेष असावें, असें जाणकारांचें मत पडलें. अशा प्रसंगीं प्रश्न उभा राहतो कीं, हे अग्निबाण वर नेतात तरी काय, आणि त्याचा आम्हां रानांतील लोकांस उपयोग कोणता?

याचें एक उत्तर आपल्याच महाराष्ट्रांत आहे. ता. २८ सप्टेंबर २०१५ रोजीं श्रीहरिकोट्याहून ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ हा उपग्रह सुमारें ६५० किलोमीटर उंचीवर सोडण्यांत आला. त्यावरील क्ष-किरणांची दुर्बीण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत तयार झाली. ती इतक्या उंच नेण्याचें कारण असें कीं, ताऱ्यांकडून येणारे क्ष-किरण वातावरणांतच शोषले जातात. जमिनीपर्यंत ते पोहोंचत नाहींत.

हिची रचना मोठी नवलाची आहे. क्ष-किरण आरशावर समोरून पडले, तर मागें न फिरतां आंत शिरतात. परंतु चपटा दगड तळ्यावर आडवा फेंकला असतां जसा न बुडतां टप्पे घेत जातो, तसे हे किरण गुळगुळीत पृष्ठभागास निसटते लागले तरच परावर्तन पावतात. म्हणून सोन्याचा मुलामा दिलेले अ‍ॅल्युमिनियमचे पातळ पत्रे हिच्यांत एकांत एक नळकांड्यांप्रमाणें बसविले आहेत. त्यांवरून दोनदां निसटून किरण सुमारें २ मीटर अंतरावरील कॅमेऱ्यांत एकत्र होतात.

उन्हाळ्यांत अंगणांत निजलें असतां आपणांस आकाशांतला विंचू दिसतो. त्याच वृश्चिकांत १९६२ सालीं जियाकोनी व त्यांचे सहकारी यांस सूर्यमालेबाहेरील क्ष-किरणांचा पहिला उगम सांपडला. तेथें एक न्यूट्रॉन तारा शेजारच्या ताऱ्याचा वायु ओढून घेतो, आणि तो वायु लक्षावधि अंश तापून हे किरण फेंकतो. कृष्णविवरें व फुटलेल्या ताऱ्यांचे अवशेष हींही अशाच दुर्बिणींनीं अभ्यासतां येतात. जियाकोनी यांस २००२ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

कोणी म्हणेल, जेथें मोडलेल्या हाडाचें चित्र घेण्यासाठीं रोग्यास दूरच्या गांवीं जावें लागतें, तेथें ताऱ्यांच्या क्ष-किरणांचें कौतुक कशाला? हा आक्षेप रास्त आहे. तो हंसण्यावारी नेऊं नये. परंतु १८९५ सालीं राँटगेन यांस हे किरण सांपडले, ते हाडें तपासतांना नव्हे. निर्वात नळींतून विजेचे प्रयोग करतांना. ज्ञान आधीं आलें, दवाखान्यांतील यंत्र मागाहून आलें. तेव्हां गांवासाठीं यंत्र मागणें हा जसा आपला हक्क, तसाच आकाशाचा शोध घेणें हाही आपला हक्क होय. एकाला दुसऱ्याचा वैरी मानणें म्हणजे फळासाठीं मूळ तोडणें.

विद्यार्थिबंधुभगिनींनो, पडलेलें कडें पाहावयास कोणीही धांवेल; परंतु वर जाणारी दुर्बीण घडविण्यास गणित व पदार्थविज्ञान लागतें. पुढील दुर्बिणीस लागणाऱ्या हातांत एखादा हात आपल्या रानांतलाही असावा.